असलेलं बरं?

आपल्याकडे एक वाक्य फार सोयीचं आहे. "असू दे हो, असलेलं बरं." प्रवासाला जादा स्वेटर, बॅगेत दुसरी छत्री, घरात एक जास्तीचा गॅस सिलिंडर. या वाक्याने कोणाचं फारसं बिघडत नाही. झालीच तर थोडी अडगळ होते.

पण हेच वाक्य छातीत बसवायच्या एका यंत्राबद्दल सर्रास ऐकू येतं, आणि तिथे माझा त्याला सक्त विरोध आहे.

यंत्राचं नाव आयसीडी, म्हणजे इम्प्लांटेबल कार्डिओव्हर्टर डिफिब्रिलेटर. पेसमेकरचा थोरला भाऊ म्हणा. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, हासळीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली. तिथून शिरेतून एक-दोन वायरी हृदयात गेलेल्या. ही डबी दिवसरात्र प्रत्येक ठोका मोजते. लय जीवघेणी वाटली की आधी काही वेगवान सूक्ष्म ठोके देऊन ती मोडायचा प्रयत्न करते, आणि नाहीच जमलं तर आतल्या आत शॉक देते. आपण बोलतो आहोत ते अशा लोकांबद्दल, जे हृदयात दोष घेऊन जन्मले, लहानपणी ऑपरेशन होऊन वाचले आणि आता पंचविशी-तिशी-चाळिशीत आहेत. नोकरी करतात, लग्न करतात, लोकलला लटकतात.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटरवाला आहे. मग मध्ये का बोलतोय? कारण ही डबी म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच आहे. त्यातला प्रोग्राम काही सेकंदांत "हो" की "नाही" ठरवतो. आणि ही डबी कोणाला बसवायची हेसुद्धा पुष्कळदा एका आकड्यावरच ठरतं: या रेषेच्या खाली असाल तर हो, वर असाल तर नाही. अशा रेषा आखणं आणि त्या चुकल्या की रात्री तीनला उठून निस्तरणं हाच आमचा धंदा आहे. त्यामुळे रेषा कुठून आली हे विचारायची खोड लागलेली आहे.

रेषा कुठून आली?

यंत्राबद्दल मला आदरच आहे. मिशेल मिरोव्स्की हा वॉर्सात जन्मलेला डॉक्टर. १९६६ मध्ये त्याचे ज्येष्ठ सहकारी हृदयाच्या अशाच बिघडलेल्या लयीने गेले आणि याने ध्यास घेतला की शॉकचं यंत्र माणसाच्या आतच बसवायचं. १९७२ मध्ये नामांकित हृदयतज्ज्ञांनी ही कल्पना छापील लेखात मोडीत काढली. तरी त्याने आणि मॉर्टन मॉवर यांनी ते करून दाखवलं. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पहिलं यंत्र माणसात बसलं. त्या काळी ते कोणाला मिळायचं? ज्याचं हृदय एकदा नव्हे, दोनदा बंद पडून तो वाचला आहे त्याला!

ज्याचं हृदय एकदा असं थांबून तो परत आला आहे, त्याच्या बाबतीत आजही माझा काही वाद नाही. तिथे यंत्र बसवाच.

वाद आहे तो "अजून काही झालेलं नाही, पण होऊ शकेल" या गटाबद्दल. या गटासाठीचे मोठे पुरावे तीन अभ्यासांतून आले. मॅडिट (१९९६), मॅडिट-२ (२००२) आणि एससीडी-हेफ्ट (२००५). मॅडिट-२ मध्ये १,२३२ रुग्ण होते, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला आणि ईएफ ३० टक्के किंवा कमी. यंत्र नसलेल्यांत १९.८ टक्के मृत्यू, असलेल्यांत १४.२ टक्के. एससीडी-हेफ्टमध्ये २,५२१ रुग्ण, ईएफ ३५ किंवा कमी. (ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर ढकललं जातं तो आकडा.) इथूनच ती प्रसिद्ध ३५ ची रेषा आली.

आता हे रुग्ण कोण होते ते बघा. साधारण साठीचे, चारांत तीन पुरुष, डावा कप्पा अशक्त झालेला. कुणाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, कुणाचा स्नायूच थकलेला. अभ्यास उत्तम होते, त्यांचा निष्कर्ष त्या लोकांसाठी चोख आहे. पण जन्मजात दोषवाली, लहानपणी शिवलेली हृदयं त्यात नव्हती. आणि त्या हृदयांसाठी असा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला अभ्यास आजवर झालेला नाही.

म्हणजे एका मशीनवर तपासलेला प्रोग्राम, वेगळ्याच बनावटीच्या मशीनवर, न तपासता चढवला. आमच्याकडे असं कोणी केलं तर त्याची काय शोभा होते ते विचारू नका.

वेगळी बनावट म्हणजे काय?

टेट्रालॉजी ऑफ फॅलो घ्या. "निळी बाळं" म्हणतात त्यांच्यातला सगळ्यात नेहमीचा दोष. दोन खालच्या कप्प्यांमध्ये भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून याची पहिली पूर्ण दुरुस्ती केली. तेव्हापासून लाखो मुलं वाचली. पण दुरुस्ती म्हणजे काय? भोकावर पॅच, अरुंद वाट कापून रुंद करायची, बऱ्याचदा त्यासाठी उजव्या कप्प्याच्या भिंतीवरच चीर. मूल वाचतं, पण भिंतीवर डाग राहतो, फुप्फुसाच्या तोंडाशी असलेली झडप गळत राहते, आणि वीसेक वर्षांत उजवा कप्पा फुगत जातो. धोकादायक लय इथे निर्माण होते: डाग आणि पॅच यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून वीज गोल गोल फिरत राहते.

आता सांगा, यात डाव्या कप्प्याचा ईएफ कुठे आला? तो ६० असूनही धोका असू शकतो. म्हणूनच १९९५ मध्ये गॅट्झुलिस आणि सहकाऱ्यांनी वेगळंच माप दाखवून दिलं: ईसीजीवरचा क्यूआरएस १८० मिलिसेकंद किंवा जास्त रुंद असेल तर फॅलोवाल्यांना धोका. डागाचं प्रमाण, भिंत उघडली होती का, आधी चक्कर येऊन पडला होता का, डावा कप्पा किती ताठर आहे, हे सगळं एकत्र बघावं लागतं. डावा कप्पा खरोखरच कमजोर झाला असेल तर तेही मोजायचं, पण ते एकच नव्हे.

दुसरं उदाहरण अगदी उलटं. काही मुलांच्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. त्यांच्यावर पूर्वी मस्टर्ड किंवा सेनिंग नावाची ऑपरेशनं व्हायची. त्यांत उजव्याच कप्प्याला आयुष्यभर सगळ्या शरीराला रक्त पुरवायचं काम लावून दिलं जाई. पॉल खैरी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दोन्ही गटांतल्या यंत्रवाल्यांचे अभ्यास छापले. प्रतिबंध म्हणून यंत्र बसवलेल्या फॅलोवाल्यांत दरवर्षी ७.७ टक्के लोकांना खरा, योग्य शॉक मिळाला. मस्टर्ड-सेनिंगवाल्यांत? ०.५ टक्के. आणि या दुसऱ्या गटात चुकीच्या शॉकचं प्रमाण वर्षाला ६.६ टक्के!

दोघांनाही आपण "जन्मजात हृदयरोगी" म्हणतो. दोघांना एकच रेषा लावली तर पहिल्या गटात गरजू सुटतो आणि दुसऱ्या गटात नको त्याच्या छातीत डबी बसते.

चोवीस, पंचवीस, सव्वीस

हे तीन आकडे मी पाठ केलेत. २०१६ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये चोवीस अभ्यास एकत्र करून मोजणी झाली. २,१६२ प्रौढ, सगळे जन्मजात दोषवाले, सगळ्यांना आयसीडी, सरासरी वय साडेछत्तीस. साधारण पावणेचार वर्षांत:

योग्य वेळी यंत्राने काम केलं: २४ टक्के.
विनाकारण शॉक दिला: २५ टक्के.
इतर गुंतागुंत, मुख्यतः वायरींची: २६ टक्के.

पुन्हा वाचा. जेवढ्यांना उपयोग झाला जवळपास तेवढ्यांनाच फुकटचा शॉक बसला, आणि तेवढ्यांच्याच वायरी वगैरे बिघडल्या. आणि "योग्य" म्हटलेली प्रत्येक वेळ म्हणजे वाचलेला जीव असंही नाही. काही लयी आपोआप थांबल्या असत्या.

फुकटचा शॉक का बसतो? कारण हे लोक तरुण आहेत. पळतात, नाचतात, बस पकडतात, ठोके १८० वर जातात. शिवाय शिवलेल्या हृदयात वरच्या कप्प्यांची लय बिघडणं फार नेहमीचं. ती जीवघेणी नसते, पण डबीला दिसतो तो वेग. आणि तिसरं, वायर आतून तुटली की तिची खरखर डबीला ठोक्यांसारखी भासते. शुद्धीवर असताना बसलेला शॉक कसा असतो? ज्यांनी सोसलाय ते छातीवर लाथ बसल्यासारखं सांगतात. त्यानंतर माणूस जिना चढायला घाबरतो.

साठीत बसवलेलं यंत्र आणि पंचविशीत बसवलेलं यंत्र यातला फरकही कोणी सांगत नाही. पंचविशीतल्याला पुढची पन्नास वर्षं दर काही वर्षांनी बॅटरी बदलायची आहे, प्रत्येक वेळी कातडी उघडायची, जंतुसंसर्गाची भीती. जुन्या वायरी शिरेला चिकटतात, त्या ओढून काढणं हे वेगळंच दिव्य. फॉन्टॅन ऑपरेशन झालेल्यांत तर शिरेतून कप्प्यापर्यंत नेहमीची वाटच नसते. आणि हृदयात भोक शिल्लक असेल तर शिरेतल्या वायरीवर जमलेली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

"पण एकदा जरी वाचवलं तरी..."

हा समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. शंभर खोट्या शॉकांपेक्षा एक जीव मोठा. मान्य! पण हे वाक्य धोका किती आहे त्यावर अवलंबून आहे. जन्मजात दोषवाल्या सगळ्या प्रौढांचा एकत्र हिशेब केला तर अचानक मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारात एकाच्या आसपास आहे. सरसकट सगळ्यांना डब्या बसवल्या तर एका जणासाठी नऊशे नव्व्याण्णव जणांच्या छातीत वायरी. तुम्ही म्हणाल, सरसकट कोण म्हणतंय? बरोबर! मग निवडायचं कसं यावरच बोला ना. "असलेलं बरं" ही निवड नव्हे, निवडायचा कंटाळा आहे.

आणि हाच कंटाळा उलट दिशेनेही दिसतो. माझा मावसभाऊ, मी त्याला दादाच म्हणतो, वय ३४, फॅलो, चौथ्या वर्षी ऑपरेशन. मध्यंतरी दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून दाखवायला गेला. एका ठिकाणी एको बघून सांगितलं, "ईएफ ५८ आहे, मजा करा." दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "तुमच्यासारख्यांना लावून टाकलेलं बरं, अमुक लाखांचं पॅकेज आहे." दोन्हीकडे मिळून वीस मिनिटं. त्याच्या ईसीजीवर क्यूआरएस १७० आहे हे दोघांपैकी कोणी बोललं नाही. पॅच झडपेच्या कड्यावरून गेलाय का, कप्पा उघडला होता का, हेही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं, कारण जिथे ऑपरेशन झालं तिथे "इतकं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही" असं उत्तर मिळालं. मावशी म्हणते बसवून घे, असलेलं बरं. तो गेले तीन महिने जिना चढताना मनगटावर बोट ठेवून नाडी मोजतोय.

आपल्याकडची खरी गोम इथे आहे. मुलांच्या हृदयावरच्या ऑपरेशनांसाठी आपण बरंच केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोही आपल्या पालघरमधूनच. त्यात जन्मजात हृदयदोष आहे, वय शून्य ते अठरा. उत्तम! पण अठरा पूर्ण झाल्यावर ते हृदय कुठे जातं? बालहृदयतज्ज्ञ म्हणतात आता मोठा झालास. मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ दिवसभर तुंबलेल्या रक्तवाहिन्या बघत असतात, त्यांच्या हातात ३५ ची रेषा तयार असते. मधल्या दरीत ही मंडळी पडतात.

डबीच्या आत कोणाची सत्ता?

आता माझ्या प्रांतातलं. २०१२ मध्ये मॅडिट-आरआयटी नावाचा अभ्यास आला. दीड हजार रुग्ण. यंत्र तेच, वायरी त्याच. बदललं काय? फक्त आकडे. एका गटात नेहमीसारखं १७० वर थोड्या सेकंदांत उपचार सुरू. दुसऱ्या गटात २०० च्या खाली हातच लावायचा नाही. नतीजा? पहिल्या चुकीच्या उपचाराचं प्रमाण ७९ टक्क्यांनी घटलं आणि मृत्यूही जवळपास निम्म्यावर आले. नवं हार्डवेअर नाही, कॉन्फिगरेशनमधले दोन आकडे! (इथेही रुग्ण जन्मजात दोषवाले नव्हते, हे लक्षात ठेवूनच वाचा. काही फॅलोवाल्यांची जीवघेणी लय २०० च्या खालीही असते. म्हणून आकडा आंधळेपणाने उचलू नये, पण विचारावा जरूर.)

आणि तरी किती यंत्रधारकांना आपले आकडे ठाऊक असतात? मोबाइलचा प्लॅन लोकांना तोंडपाठ असतो. छातीतलं यंत्र किती ठोक्यांना, किती सेकंदांनी पेटणार हे मात्र ठाऊक नाही. कारण कागद कोणी देतच नाही.

"कंपनीवर विश्वास ठेवा" म्हणणाऱ्यांना दोन जुन्या गोष्टी सांगतो. गायडंट कंपनीच्या एका मॉडेलमध्ये शॉर्ट सर्किट होतं हे कंपनीला २००२ पासून माहीत होतं. डॉक्टरांना कळलं मे २००५ मध्ये, एक २१ वर्षांचा कॉलेजचा मुलगा गेल्यानंतर. २०११ मध्ये कोर्टाने २९ कोटी ६० लाख डॉलर वसूल केले. दुसरी गोष्ट, ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिकने स्प्रिंट फिडेलिस वायर बाजारातून काढली कारण ती तुटत होती. तोवर जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार वायरी बसल्या होत्या.

कॅरन सँडलर ही अमेरिकन वकील, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत नाव असलेली. तिचा आजार वेगळा, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, पण यंत्र हेच. तिने कंपन्यांकडे यंत्रातला सोर्स कोड बघायला मागितला. मिळाला नाही. पुढे गरोदरपणात तिला विनाकारण शॉक बसले. यंत्र नेमून दिल्याप्रमाणेच चाललं होतं, फक्त गरोदर बाईची धडधड त्याच्या हिशेबात नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेत निदान एवढं झालं की रुग्णाने स्वतःच्या यंत्रातली माहिती काढली तर तो कॉपीराइटचा गुन्हा ठरत नाही. आपल्या हृदयाच्या नोंदी आपण वाचायला कायद्याची सवलत लागावी, कमाल आहे!

मग करायचं काय?

नुसतं बोटं मोडून चालत नाही, म्हणून माझ्या मागण्या सरळ लिहितो.

१. "बसवा" किंवा "नको" यांपैकी काहीही फक्त ईएफवर सांगू नये. शिवलेल्या हृदयांचा जाणकार आणि लयीचा तज्ज्ञ, दोघांनी एकत्र बसून सांगावं. हृदयाचा एमआरआय, ईसीजी, आणि लागलं तर आतून लय तपासायची चाचणी.

२. आधी दुरुस्त होण्यासारखं काय आहे ते बघावं. गळकी झडप, आणि ती गोल फिरणारी वीज जाळून तोडता येते का. त्याने धोका संपेलच असं नाही, पण प्रश्न तरी विचारला जावा.

३. यंत्र बसवायचंच ठरलं तर कुठलं, तेही समजावून सांगावं. कातडीखालचं यंत्र (एस-आयसीडी) हृदयात वायर घालत नाही हा मोठा फायदा, पण ते वेगवान ठोके देऊन लय मोडू शकत नाही, सरळ शॉकच देतं. फॅलोवाल्यांना त्या बिनदुखीच्या उपायाचा उपयोग होण्यासारखा असतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं नवं यंत्र वायर छातीच्या हाडामागे ठेवून दोन्ही करतं. हे पर्याय रुग्णाला माहीत हवेत.

४. आकड्यांचा कागद रुग्णाच्या हातात. प्रत्येक तपासणीनंतर. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

५. ज्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन सरकारी पैशाने होतं, त्याला अठराव्या वर्षी एक पानाचा सारांश मिळावा: काय कापलं, काय शिवलं, पॅच कुठवर, पुढे काय बघत राहायचं. एक पान! दहावीच्या मार्कशीटला लॅमिनेशन करणाऱ्या देशाला हे जड जाऊ नये.

यातली पाचवी मागणी पूर्ण व्हायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोवर ज्यांच्या घरात लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेला कोणी आहे त्यांनी एवढं करा. उद्या रविवार आहे. माळ्यावर चढा, ट्रंका उघडा, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा कागद शोधा, उंदरांनी अर्धा खाल्ला असला तरी. मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा. सापडला नाही तर हॉस्पिटलला लेखी अर्ज करा, तोंडी नको, आणि पोच घ्या.

असलेलं बरं असं ज्याच्याबद्दल डोळे मिटून म्हणावं, तो हा कागद.